आई दोनदा इब्री शिकली

आमच्या घरात देवाशी बोलायची भाषा वेगळी आणि भाकरी मागायची वेगळी. याचं कुणाला काही वाटत नसे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. पण पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलत आलेले. कोकणात पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असत, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. पुढे घाणे गेले आणि रेल्वे आली. वडील रेल्वेत गार्ड होते. सोलापुरात रेल्वेच्या लाइनीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आमची घरं गावात इतकी थोडी की प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर वडिलांना आधी सगळ्यांच्या ड्यूट्या बघाव्या लागत. प्रार्थना हिब्रूतून. जुनी माणसं तिला इब्री म्हणत. वडील ती झरझर वाचत, आणि अर्थ विचारला तर म्हणत, “देवाला कळतोय न्हवं? झालं तर मग.”

माझा थोरला भाऊ रेल्वेत फिटर होता. पहिल्या महायुद्धात फौजेच्या रेल्वेबरोबर तो पॅलेस्टाईनला गेला आणि लढाई संपली तरी परत आला नाही. त्याला तिथंच काम मिळालं, मग बायकोही मिळाली. ती लहान मुलांना शिकवायची. तिला आईबाप नव्हते, लढाईच्या धामधुमीत गेले होते. लग्नाला इथून कोण जाणार? आईनं शेजारणींना बोलावून सगळ्यांच्या हातावर मेंदी लावली आणि नवरानवरीवाचून लग्न साजरं केलं. मी तेव्हा लहान होते. मला वाटलं, लग्नं अशीच असतात.

त्यांना मुलगी झाली. ती तीन वर्षांची व्हायच्या आत भाऊ तापानं गेला. तारेनं बातमी आली तोवर त्याला माती देऊन झाली होती. आईनं त्याचं तोंड पाहिलं नाही, त्याची कबर कधी पाहिली नाही, आणि हे दुःख ती कुणाजवळ बोललीही नाही. ती फक्त जरा मोठ्यानं भांडी घासू लागली.

पुढे वहिनीलाही छातीचं दुखणं जडलं. तिला डोंगरातल्या दवाखान्यात ठेवणार होते आणि पोरीला सांभाळायला तिथं कुणी नव्हतं. भावाबरोबर फौजेत गेलेला त्याचा एक सोबती तेव्हा कायमचा सोलापूरला परतत होता. वहिनीनं विचारलं, पोरीला तिच्या आजीकडे पोचवशील का? तो हो म्हणाला. आम्हाला तसा निरोप आला आणि आई उठून उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर मी काही बघितलं.

अडचण एकच. पोरीला इब्रीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

आई निरक्षर. पण आजी झालेली बाई कशाला घाबरते? तिनं वडिलांना प्रार्थनेचं पुस्तक घेऊन समोर बसवलं. त्यात एका बाजूला इब्री आणि दुसऱ्या बाजूला मराठी होती. पाणी कुठे आलंय ते शोधा, भाकरी कुठे आलीय ते शोधा, ऊठ, बस, ये, जा, सगळं शोधा, असं तिनं फर्मान सोडलं. देवाच्या पुस्तकात घरातलं सामान शोधताना वडिलांना घाम फुटला. तरी बरंच सापडलं. लेहेम म्हणजे भाकरी, मायिम म्हणजे पाणी. ‘ये’ हा शब्द शुक्रवारच्या प्रार्थनेत निघाला. तिथं शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाला, नवरी समजून ‘बोई’ म्हणून बोलावतात. आई भाकऱ्या थापता थापता ते शब्द घोकायची. पण तिनं हे शब्द जन्मभर फक्त प्रार्थनेच्या चालीवरच ऐकलेले. चालीवाचून ते तिच्या तोंडातून निघतच नसत.

पोरगी आली. उन्हानं रापलेली, गुडघ्यांवर खरचटलेली, भावाचेच कान घेऊन आलेली. भावाच्या सोबत्याचं बोट धरून ती दारात उभी राहिली. आई पुढे झाली, पदर सावरला, आणि दहा पुरुष उभे असावेत अशा गंभीर आवाजात, लांबलचक हेल काढून तिनं म्हटलं, “बो-ई... मा-यिम...”

पोरीनं एकदा आईकडे बघितलं, मग डोळे मिटले, आणि म्हणाली, “आमेन.”

आम्ही इतके हसलो की वडिलांना ठसका लागला. आईसुद्धा हसली. पोरगी आधी बावरली, मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिनं पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला. ती आईला सावता म्हणू लागली. सावता म्हणजे आजी.

भावाचा सोबती लोकोशेडमध्ये कामाला लागला. दर शनिवारी आम्हाला सुट्टी पाळायची असे, चूल पेटवायची नसे. मग तो दुपारी यायचा आणि पडवीत बसून आईला बाजारातली, रस्त्यातली इब्री शिकवायचा. आईला तो मावशी म्हणे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “मावशी, तितं मानूस भेटलं की म्हनत्यात, मा निश्मा? म्हंजी काय आयकू येतंय? म्हंजी काय, बरं हाय न्हवं?”

आईचा चेहरा उतरला. ‘शमा’, म्हणजे ‘ऐक’, हा आमच्या प्रार्थनेतला सगळ्यात मोठा शब्द. तो उच्चारताना डोळ्यांवर हात धरायचा. माणूस शेवटच्या श्वासाला तोच म्हणतो, आणि म्हणायला तो शुद्धीत नसेल तर बाकीचे त्याच्या कानात म्हणतात. “अरं, मरताना म्हनायचा शबुद,” आई म्हणाली, “आन तुमी त्यो चा पिताना म्हनता?”

“मावशी, चुलीला तीन धोंडं असत्यात का न्हाय? तसं इब्री शबदाला तीन अक्षरं. त्येच्यावर भाकरीचा तवा ठिवा, न्हायतर आजाऱ्याची पेज ठिवा. धोंडं त्येच.”

हे आईला एकदम पटलं. मग तिला धोंडे शोधायचा नादच लागला. प्रार्थनेचं पुस्तक ते सिद्दूर, आणि ‘सगळं ठीक’ म्हणायचं ते बसेदेर. दोन्हीचे धोंडे एकच, कारण दोन्हीकडे नीट लावून ठेवणं आहे. हे तिनं स्वतः शोधलं आणि सोबत्याला विचारून खरं करून घेतलं, तेव्हा तिनं अख्ख्या लाइनीत साखर वाटायचीच बाकी ठेवली. तिचा आवडता शब्द ‘एन दावार’. म्हणजे काही नाही, असू दे. दूध उतू गेलं, एन दावार. वडिलांची गाडी होटगीला अडकून पडली, एन दावार. भांडी आता ती हलक्या हातानं घासत होती. पोरीला मांडीवर घेऊन ती तिच्याशी तिच्या भाषेत तोडकंमोडकं बोलायची, पोरगी तिचं चुकलेलं सुधारायची आणि लाडात येऊन गालफड ओढायची. मला वाटतं, भाऊ गेल्यानंतर आई जगली ती याच दिवसांत.

पण लेकराची जीभ म्हणजे पाणी, उतार मिळेल तिकडे धावते. मागच्या गल्लीत विणकरांची घरं होती. घरात ते तेलुगू बोलत, बाहेर मराठी. त्यांच्या पोरींत ही दिवसभर मागाखाली लपाछपी खेळायची. वर्ष सरलं नाही तोवर ती अशी सोलापुरी बोलू लागली की तिकीट तपासनिसानंही मान डोलवावी. “आजे, लई भूक लागलीया की. शेंगाची चटनी दे की.” सावता मागे पडली आणि आजे आली. इब्री कधी गेली ते कळलंही नाही. आईनंही ती सोडून दिली. गरजच काय होती? शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा लावताना पोरगी आईशेजारी उभी राहून सगळं म्हणायची, पण आमच्यासारखंच, अर्थ देवाला.

आणि मग एक दिवस वहिनीचा निरोप आला. ती बरी झाली होती. पुन्हा शाळेत लागली होती. पावसाळा सरला की स्वतः येऊन लेकीला घेऊन जाणार होती.

वडील म्हणाले, “येऊ दे. पोरगी तिला वळखायची बी न्हाय.” ते दुःखानं म्हणाले की आशेनं, मला तेव्हा कळलं नाही. भावाच्या सोबत्यानं तर पडवीत बसून सरळच सांगितलं. “मावशी, तुमी गप ऱ्हावा. पोरगी आईसंगट एक शबुद बोलली न्हाय, आजीच्या पाठीमागं लपली, तर ती बाई काय हात धरून वडत न्हेनार हाय व्हय? वाईट मनाची न्हाय ती. ठिवून जाईल हितंच.”

आई काही बोलली नाही. दिवसभर ती आपली कामं करत राहिली. मला मनातून हायसं वाटलं. सोबती म्हणाला ते खरं होतं. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी नेहमीसारखी चुलीपाशी येऊन आईच्या पाठीवर रेलली. “आजे, भाकरी दे की.”

आई तव्याकडे बघत म्हणाली, “लेहेम.”

“आजे, भाकरी.”

“त्नी ली लेहेम,” आई म्हणाली. म्हणजे, मला भाकरी दे. “असं म्हन. मग दीन.”

पोरीला वाटलं खेळ आहे. ती हसली, आईच्या गळ्यात पडली. आईनं तिचे हात हळूच सोडवले आणि भाकरी टोपलीत ठेवून वर फडकं टाकलं. मग पोरगी रडली. खूप रडली. शेवटी हुंदके देत देत तिनं ते तीन शब्द म्हटले, आणि आईनं तिला भाकरी दिली, वर लोण्याचा गोळा दिला. पण मांडीवर घेतलं नाही. मांडीवर घेतलं तर आपणच मराठी बोलून जाऊ, अशी तिला भीती होती.

त्या दिवसापासून घरात पोरीशी मराठी बंद. आईचा तसा हुकूमच निघाला. वडिलांना जमत नसे, म्हणून ते पोरीसमोर पुस्तक घेऊन नुसते बसत. पोरगी आसरा शोधायला मागच्या गल्लीत पळाली, तेव्हा आई तिच्या मागोमाग गेली आणि विणकरांच्या अक्काला हात जोडून म्हणाली, “ही आली की तुमी समदी तेलुगूत बोला. मराठी नगं. येवढं करा.” अक्का बिचारी बघतच राहिली. पण तिनं ऐकलं. पोरीला वाटलं असेल, सगळ्या गावानंच तिच्याशी कट्टी घेतली. संध्याकाळी सोबती कामावरून थेट आमच्याकडे यायचा आणि तिच्याशी तासभर इब्री बोलायचा. त्याला हे मुळीच पसंत नव्हतं, पण आईपुढे त्याचं काही चालेना.

मी आईवर भयंकर चिडले. मी तेव्हा मास्तरीण व्हायच्या तयारीत होते, मुलांना कसं शिकवावं यावर धडे घोकत होते. मी तिला म्हटलं, “असं दगडासारखं वागून कुणी शिकतं का? आणि कशासाठी हे? तुला नको झालीये का ती?”

आई धुणं पिळत होती. तिनं पिळा तसाच हातात धरला.

“माझा ल्योक तिकडं ग्येला आन तितलाच झाला,” ती म्हणाली. “जित्ता हुता तवाच परका झाला हुता. त्यो काय खातो, कसा हसतो, पोरीला काय म्हनून हाक मारतो, मला काय बी म्हाईत न्हवतं. ल्योक हाय आन न्हाय, ह्ये म्या सोसलंय. त्या बाईनं माझ्या लेकाचं शेवटचं केलं. मी तिला तिची लेक मुकी करून दिवू व्हय?”

पण राग गेला नाही. कारण रोज जे दिसत होतं ते मला सोसवत नव्हतं. पोरगी आता भाकरी, पाणी, चटणी सगळं इब्रीत मागायची, आणि मागून घेतलं की लांब जाऊन खायची. आई दारात उभी राहून “बोई” म्हणाली की ती यायची, पण पूर्वीसारखी पळत नाही. आईच्या अंथरुणातून उठून ती माझ्या अंथरुणात आली. तिला भाषा परत मिळत होती आणि तिची आजी तिच्यापासून सुटत होती, रोज थोडी थोडी. आईला हे दिसत नव्हतं असं नाही. तिला सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. पोरगी झोपली की आई तिच्या पायांना तेल चोळायची आणि तेव्हा हळू आवाजात तिच्याशी मराठीत बोलायची. माझं बाय, माझं सोनं, असलं काहीतरी. पोरगी गाढ झोपलेली असे.

दसरा होऊन गेल्यावर वहिनी आली. फ्रॉक घातलेली, केस कापलेली, हडकलेली, पण डोळे फार छान. ती टांग्यातून उतरली आणि फाटकाशीच थांबली. भीतीनं तिला पाऊल उचलेना. पोरगी पडवीत उभी.

वहिनीनं तिला नावानं हाक मारली आणि इब्रीत विचारलं, “मी कोण, ओळखलंस का?”

पोरगी म्हणाली, “इमा.” म्हणजे आई. आणि मग तिचा बांध फुटला. प्रवास कसा झाला, बोट केवढी होती, माझ्यासाठी काय आणलंस, मागाच्या धोट्यानं माझं बोट कसं कापलं. सगळं इब्रीत, न अडखळता. वहिनी फाटकातच खाली बसली आणि तिला पोटाशी धरून रडत राहिली. मग ती सोबत्याला काहीतरी म्हणाली. त्यानं आम्हाला मराठीत सांगितलं, “ती म्हनती, मला भ्या वाटत हुतं, पोरगी आमची भाषा इसरली असंल. पर आपली भाषा रगतातच असती, ती म्हनती.”

एवढं सांगून तो वहिनीकडे वळला. त्याला खरं काय ते सांगायचं होतं, त्याचं तोंड उघडलंही होतं. आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा गप्प बसला.

वहिनी आमच्याकडे थोडे दिवस राहिली. ती आईशी फार मायेनं वागली. भावाच्या गोष्टी तिनं सोबत्याकरवी सांगितल्या. तो गाडीच्या इंजिनाशी मराठीत बोलायचा, हे ऐकून आई पदरात तोंड घालून हसली आणि रडली. आईला इब्री कळते हे वहिनीला शेवटपर्यंत कळलं नाही. आई तिच्यासमोर एक शब्दही इब्री बोलली नाही, आणि पोरगीही आजीची गोष्ट काढत नसे. मी कारण विचारलं तर म्हणाली, “तिला वाटू दे की रगतातली हाय म्हनून. त्येच्यात तिला बरं वाटतंय.”

जायच्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. मुंबईची गाडी लागली होती. सोबत्यानं सामान आत ठेवलं. आईनं शेंगाच्या पोळ्यांचं गाठोडं वहिनीच्या हातात दिलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग पोरीपुढे वाकली. पोरीनं मान खाली घातली आणि वहिनीच्या फ्रॉकला बिलगली. वहिनी तिला इब्रीत म्हणाली, “अगं, आजीला मुका दे. आजी रडतेय बघ.”

पोरगी मोठ्यानं, स्पष्ट आवाजात म्हणाली, “सावता क्वार लो ओहेवेत ओती.”

आजीचं आता माझ्यावर प्रेम नाही.

सोबत्यानं तोंड फिरवलं. वडील रुमालात नाक शिंकरू लागले; त्यांना अर्थ कळला की नाही, देव जाणे. वहिनी लाजेनं लालबुंद झाली आणि आईकडे बघू लागली, हिला कळलं तर नाही ना? आई तिच्याकडे बघून हसली. ज्याला भाषा कळत नाही ते माणूस हसतं तसं, जरा जास्तच. मग तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पोरीला उचलून डब्यात दिलं. शिट्टी झाली. पोरगी खिडकीत वहिनीच्या कुशीत बसून तिला बोटानं इंजिनाचा धूर दाखवत होती. गाडी पुढे गेली.

मी आईचा दंड धरला. “तू बोलली का नाहीस? दोन शब्द बोलायचे होतेस! तिच्या भाषेत, आपल्या भाषेत, कशातही. ती जन्मभर हेच घेऊन जाणार.”

“आन म्या तिला जवळ घेतलं असतं, बोलले असते, तर ती गाडीत चढली असती व्हय?” आई म्हणाली. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ती तिकडेच बघत होती. मग म्हणाली, “पर बोलली किती सरळ, बगितलं का? एक शबुद अडला न्हाय तिचा.”

आणि हमाल, प्रवासी, चहावाले यांच्या त्या गर्दीत ती मटकन खाली बसली आणि भाऊ गेल्याची तार आली तेव्हाही रडली नव्हती इतक्या मोठ्यानं रडायला लागली.